माडीवरचा उकाडा

एसी बसवायचा तर आधी माणसं मोजायची, मग भिंती. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा, आणि तो मी अख्ख्या रोह्याला फुकट शिकवत फिरलोय. बंद खोलीत नुसता गप्प बसलेला माणूससुद्धा शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सोडत असतो. श्वासातून, घामातून वाफ सोडतो ती वेगळीच. दहा माणसं बसली म्हणजे खोलीत एक इस्त्री अखंड चालू आहे असं समजायचं. एका क्लासवाल्या सरांना साठ पोरांच्या वर्गाला एक टनाचा एसी हवा होता. त्यांना मी चार पालकांसमोर सुनावलं होतं, "सर, सहा इस्त्र्या पेटवून ठेवल्यात आणि वर फुंकर मारायला सांगताय मला." सर ओशाळले. मला मात्र फार बरं वाटलं होतं.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं ते मला बिचार्‍याला माहीत नसल्यामुळं झालं असं कुणाला वाटायला नको. मला सगळं माहीत होतं.

माझं नाव हरेश. रोह्यात दमखाडीला छोटं दुकान आहे आणि धाटावच्या कंपन्यांमधल्या ऑफिसांचे एसी बघतो. पेणलाही बरीच गिर्‍हाइकं आहेत. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर आठवडाभरात पेणच्या आयझॅककाकांचा फोन आला. आयझॅक वाक्रूळकर, एसटीतून रिटायर झालेले, वय चौर्‍याहत्तर. इस्रायल आळीत एकटे राहतात. बायको वारली, मुलगी लग्न होऊन ठाण्याला. आळीत त्यांच्या लोकांची, म्हणजे बेने इस्रायली ज्यूंची, जुनी प्रार्थनेची जागा आहे. तिला सगळे मशीदच म्हणतात, तेही म्हणतात. तिची किल्ली त्यांच्याकडे असते. मी पूर्वी दोनदा तिथले पंखे दुरुस्त केले होते. दोन्ही वेळा काका एकटेच होते. दार उघडायचं, बाकं पुसायची, दिव्यात तेल घालायचं आणि दार लावून घरी जायचं, हा त्यांचा नेम. सगळी माणसं केव्हाच इस्रायलला गेलेली. आळीत तीन घरं उरली होती आणि त्यातलं एक बहुतेक वेळा बंद.

"हरेश, मशिदीत एसी लावायचाय," काका म्हणाले. "माझी बाय येत्ये."

बाय म्हणजे त्यांची मोठी बहीण, हन्नाबाई. याच मशिदीत तिचं लग्न झालं आणि पंचविशीत नवर्‍याबरोबर इस्रायलमधल्या अश्दोदला गेली. मी मापं घ्यायला गेलो तेव्हा काकांनी मला बाकावर बसवून सगळं सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी ती एकदा येऊन गेली होती. त्यांच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय तोरा, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचायला बाहेर काढत नाहीत. त्या शनिवारी काकांनी कासूपासून पनवेलपर्यंत फोन केले, रिक्षा पाठवली, तरी नऊच जमले. बाई माडीवर बायकांच्या जागेत दोन तास बसून राहिली आणि तोरा काही बाहेर निघाली नाही. परत जाताना विमानतळावर तिनं भावाचा हात सोडला नाही म्हणे.

"तवापासून दर शुक्रवारी फोनवर तिला सांगतोय," काका म्हणाले. "एकदा ये, तुला भरलेली मशीद दाखवतो. आता आली वेळ. आमचे सण संपले का ऑक्टोबरात येत्यात सगळे. दीडशे माणूस हाय, हरेश. साठ तिकडनं, बाकी ठाणं, मुंबय, पनवेल, अलिबाग. बाय एकोणऐंशीची हाय. तिला उकाडा सोसत नाय आता."

मी आजूबाजूला बघितलं. मागच्या पाच बाकांवर धूळ होती, कारण त्या बाजूला कुणी बसतच नव्हतं. मला काकांची दया आली. म्हातारा मनातली माणसं मोजतोय, असं वाटलं. फोनवर सगळे हो म्हणतात. आमच्या गावच्या जत्रेला मुंबईकर दर वर्षी येतो येतो म्हणतात आणि शेवटी नारळ पाठवतात. हे तर समुद्रापलीकडचे.

"दीडशे काय काका, दोनशे येऊ द्या," मी म्हणालो.

"आनि आईक. बाय माडीवरच बसनार. खाली खुर्ची टाकतो म्हटलं तर माझ्यावर उखडली. पोरगी असताना जिथं बसायची तिथंच बसनार म्हनते. तवा गारवा आधी माडीवर पोचला पायजे. खाली आम्ही सोसू. पैशाची काळजी करू नको, तिचा जोशुआ पाठवतोय."

"पोचेल काका."

घरी येऊन हिशेब मांडला. खरा हिशेब पाच मशिनांचा होता: तीन खाली, दोन वर. मी तीस माणसं धरली आणि दोन मशिनं काढली, दोन्ही खाली. माडीवर कोण असणार? हन्नाबाई आणि फार तर चार बायका. खालचा गारवा थोडा तरी चढेल. उगाच पाच मशिनं बसवायची आणि पाहुणे गेले की वर्षभर त्यात पालींनी अंडी घालायची. दोन मशिनं कमी पैशांत झाली, आणि मी एक रुपयाही जास्त घेतला नाही. उलट म्हातार्‍याचा फायदाच केला असं समजून मी खुशीत होतो. माझ्या बायकोला, नमिताला, तसं सांगितलंही.

ती म्हणाली, "त्यांनी दीडशे सांगितलीत ना?"

"अगो, तू बघितली नायस ती जागा. दहा जमले तरी पेढे वाटतील."

"मग तसं तोंडावर सांगायचंस त्यांना."

तोंडावर कसं सांगणार? एवढ्या आशेनं बोलणार्‍या माणसाला नाही म्हणणं मला वाईटपणाचं वाटलं. हो हो म्हणून मनातलं करणं मला चांगुलपणाचं वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं माझं झालं, फक्त बैल दुसर्‍याचा होता.

बसवायला गेलो तेव्हा अजून एक गोष्ट केली. त्या इमारतीला माडीच्या वर, छताला लागून, आठ झरोके होते. लाकडी पट्ट्यांचे, कायम उघडे. मी ते प्लाय ठोकून, कडा फोमनं भरून बंद केले. खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या. गारवा बाहेर गेला तर एसीचा उपयोग काय?

काका खालून बघत होते. "आजोबांनी हे एवढे वर कशाला ठेवले असतील रे?"

"तेव्हा एसी नव्हता ना काका," मी म्हणालो.

ते हसले. मग त्यांनी पुन्हा विचारलं, "दीडशे मानूस आरामात बसंल ना? दोनच मशिनं दिसत्यात म्हनून इचारतो."

"आरामात," मी म्हणालो. शिडीवरून, त्यांच्याकडे न बघता.

शनिवारी मशिदीत त्यांच्यातलं कुणी विजेच्या बटणाला हात लावत नाही. म्हणून काकांनी मला सकाळी आठ वाजता यायला सांगितलं होतं. मशिनं चालू करायची, कमीजास्त करायची आणि दुपारी बंद करायची, एवढंच काम. मी रोह्याहून निघालो आणि वेळेत पोचलो. आठ वाजता मशिनं लावली. माझ्या खिशात तापमान बघायचं छोटं यंत्र असतं, ते काढून बघितलं. पाव तासात चोवीस. मशीद थंडगार. काका कोट घालून दारात उभे होते. त्यांनी आत हात फिरवला आणि म्हणाले, "शाब्बास."

साडेआठला पहिली बस आली.

मी दाराशी स्विचबोर्डजवळ स्टूल टाकून बसलो होतो आणि सवयीनं माणसं मोजत होतो. पहिल्या बसमधून चाळीस उतरली. मग ठाण्याच्या गाड्या आल्या. मग दुसरी बस. म्हातारे, पोरं, कडेवरची बाळं. इस्रायलमधून आलेल्या बायकांनीही नऊवारी, पाचवारी, जमेल ती नेसली होती. एकमेकांना बघून रडत होत्या, हसत होत्या, "तू कुणाची गो?" विचारत होत्या. मी तीस मोजली तेव्हा नुसता बसलो होतो. साठ मोजली तेव्हा उभा राहिलो. पुरुष खाली, बायका लाकडी जिन्यानं माडीवर. सगळ्यात शेवटी हन्नाबाई आली. चार नातवांनी खुर्चीसकट तिला वर नेलं. वर जाताना तिनं काकांकडे वळून बघितलं आणि काकांनी दोन्ही हात पसरून भरलेली बाकं दाखवली. मी त्या माणसाचा चेहरा तसा कधी बघितला नव्हता.

मोजणी एकशे एकोणपन्नासावर थांबली. काकांचा अंदाज एका माणसानं चुकला होता.

दार लावलं आणि प्रार्थना सुरू झाली. सगळे एकदम, मोठ्यानं, उभं राहून गात होते. पुरुषांनी कोटांवर शाली घेतलेल्या. यंत्रावर सव्वीस झाले. मशिनं सगळ्यात कमी तापमानावर नेली. अठ्ठावीस. मशिनं धापा टाकू लागली. जे मी जन्मभर लोकांना सांगत आलो ते माझ्यासमोर होत होतं. एकशे एकोणपन्नास माणसं, पंधरा इस्त्र्या, आणि माझी दोन मशिनं फुंकर मारत होती. तीस. चष्म्यांवर वाफ धरली. दाराशेजारची भिंत हाताला ओली लागली. पुढच्या बाकावरचे म्हातारे शालीच्या टोकानं मान पुसायला लागले, पण कुणी थांबलं नाही.

मी दबक्या पावलांनी अर्धा जिना चढलो. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर हवा जड होत गेली. खालच्या नव्वद माणसांचा उकाडा वर चढत होता, वरच्या साठ बायकांचा त्यात मिसळत होता, आणि जायला वाट नव्हती, कारण ती मीच बंद केली होती. माडीच्या तोंडाशी यंत्र धरलं. साडेपस्तीस. बाहेर उन्हात एकतीस होते त्या वेळी. बायका पुस्तकांनी वारा घेत होत्या. बाळं रडायला लागली होती. हन्नाबाई तिसर्‍या खांबाशी बसली होती, चेहरा लालबुंद, पदर डोक्यावर घट्ट, नजर खाली कपाटावर. त्या कपाटात तोरा असते. ते उघडायची वाट बघत ती बावीस वर्षं थांबली होती.

त्या क्षणी मी ओरडून सगळ्यांना थांबवायला हवं होतं. खिडक्या उघडा, हन्नामावशीला बाहेर आणा, असं सांगायला हवं होतं. मी गप्प राहिलो. अजून दहा मिनिटं निघतील, असं वाटलं. निघाली असती तर कुणाला कळलंच नसतं. लाज वाटते ती सगळ्यात जास्त या दहा मिनिटांची.

कपाटाचा पडदा बाजूला झाला. सगळे उभे राहिले. हन्नाबाईही उठली, खांबाला धरून. आणि तशीच खांबावरून घसरत खाली बसली.

वर बायकांची धावपळ झाली, गाणं तुटलं. नातवांनी तिला उचलून खाली अंगणात नेलं. काका मागोमाग धावले. मी माझी बॅग घेऊन माडीवर गेलो आणि हातोड्यानं प्लाय फोडायला लागलो. पहिला झरोका उघडला तशी कोंडलेली वाफ माझ्या तोंडावरून बाहेर गेली. दुसरा, तिसरा. आठही फोडले. खाली कुणीतरी खिडक्यांच्या पट्ट्या ओढून काढल्या. पाच मिनिटांत हवा हलली. खाली हाझाननी, म्हणजे प्रार्थना चालवणार्‍यांनी, पुन्हा सुरुवात केली आणि तोरा बाहेर निघाली. हन्नाबाई तेव्हा अंगणात आंब्याखाली खाटेवर होती, डोळे मिटलेले, कपाळावरून डोळ्यांपर्यंत ओला पंचा. शेजारचे डॉक्टर आले होते. घाबरण्यासारखं नाही, उकाड्यानं झालंय, पण तासभर उठू देऊ नका, असं म्हणाले. काकाही तिथंच बसून होते. आतला आवाज दोघांनी भिंतीच्या बाहेरून ऐकला.

प्रार्थना संपल्यावर सगळे अंगणात जमले. तोवर बाई उठून बसली होती. तिचा मुलगा जोशुआ पन्नाशीचा, अश्दोदला जन्मलेला. मराठी बोलतो, पण चालीनं वेगळी. तो रागानं लाल झाला होता.

"मामा, हा एसी कोणी ठरवला? किती माणसांसाठी ठरवला?"

मी दारात उभा होतो, हातात फोडलेल्या प्लायचा तुकडा. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण शंभर माणसं माझ्याकडे वळतील, रोह्या-पेणला गोष्ट पसरेल, क्लासवाले सर ऐकतील, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि तोंड पुन्हा मिटलं.

काकांनी नजर काढून घेतली. "मीच सांगितलेली माणसं," ते म्हणाले. "पंचवीस-तीस येतील म्हटलं."

 हन्नाबाईनं डोळ्यांवरचा पंचा काढला.

"दर शुक्रवारी दीडशे म्हनायचास," ती म्हणाली. "मनात तीस व्हते? तुला वाटलं नाय आम्ही येऊ?"

"नाय वाटलं गो बाय," काका म्हणाले.

 तिनं पंचा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मी वाकून अंगणात सांडलेले स्क्रू गोळा करायला लागलो. एकेक करून सगळे गोळा केले. स्क्रू इतक्या काळजीनं मी आयुष्यात कधी वेचले नव्हते.

दुसर्‍या दिवशी रविवारी मलिदा होता. गोड पोहे, खोबरं, पाच जातीची फळं, एलियाहू नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं. मला यायचं नव्हतं, पण काकांनी फोन करून बोलावलं. जोशुआनं सगळ्यांसमोर मला पुढं ओढलं. काल या माणसानं वर चढून खिडक्या फोडल्या नसत्या तर माझी आई गेली असती, असं तो म्हणाला. तिला आधीच खाली नेलं होतं, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मलिद्याची केळीच्या पानातली पुडी माझ्या हातावर ठेवली, आपलं कार्ड खिशात घातलं. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणार्‍यांत काका होते. हन्नाबाईनंही मान हलवली, माझ्याकडे बघून, भावाकडे न बघता. मी पुडी घेतली आणि नमस्कार केला. घरी येईपर्यंत ती उघडली नाही, आणि घरी आल्यावर नमिताला काय झालं ते सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "सांगितलंस का तिथं?"

"नाय."

तिनं पुडी उचलून देवाजवळ ठेवली. मला दिली नाही.

जानेवारीत सर्व्हिसिंगच्या निमित्तानं मी पेणला गेलो. निमित्त म्हणतो, कारण मशिनं त्या शनिवारनंतर कुणी चालू केली नव्हती. काका नेहमीसारखे एकटेच बाकं पुसत होते. झरोके आता उघडेच होते, प्लायच्या कडा तशाच लोंबत होत्या. मी काम करता करता विचारलं, मावशीचा फोन असतो का.

"असतो. शुक्रवारी मीच करतो. तब्येत बरी हाय म्हनते आनि ठेवते." त्यांनी फडकं झटकलं. "पयली तासभर बोलायची. कोन मेलं, कोन जन्मलं, पेणात पापलेट काय भावानं हाय, सगळं. आता दोन मिनटं."

मी शिडीवरून उतरलो. "काका, तुम्ही का घेतलं अंगावर?"

"मग काय करू? तू काय बोलत नव्हतास." ते सहज म्हणाले, टोमणा न मारता. "ती सगळी मंगळवारी विमानात बसनार व्हती. तू हितंच र्‍हानार. तुझ्या नावानं बोंब झाली असती तर उद्या पंखा बिघडल्यावर कोन आलं असतं माझ्याकडं? आळीत हाका मारायला मानसं किती उरल्यात?"

मी शिडीची घडी घातली.

"एक इचारू?" काका म्हणाले. "तुला खरंच वाटलं नव्हतं ना, कोन येईल म्हनून?"

"नाय वाटलं."

"मग तसं म्हनायचं. भांडलो असतो आपन. मी तुला पत्रं दाखवली असती, तिकिटं दाखवली असती. तू हो हो म्हनालास. येड्याला म्हनतात तसं."

ते पुन्हा बाक पुसायला लागले. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही. नुसते कान तापले. चाळीस वर्षांच्या आयुष्यात मला लोकांनी मूर्ख म्हटलं, उशिरा येणारा म्हटलं, एकानं तर चोर म्हटलं. यातलं काहीच इतकं लागलं नव्हतं, कारण यातलं काहीच इतकं खरं नव्हतं.

परत जाताना कासूपाशी बाइक बाजूला घेतली. दुपारचे चार वाजले होते. पाकिटातून जोशुआचं कार्ड काढलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला. त्यानं लगेच उचलला, मी नाव सांगितलं.

"रोह्याचा हरेश! थांब, आई इथंच आहे." आणि तो तिला म्हणाला ते मला ऐकू आलं, "आई, तुला वाचवणारा."

फोन तिच्या कानाला लागला. मी तिला काही बोलू दिलं नाही, कारण ती आभार मानू लागली असती तर मी पुन्हा गप्प बसलो असतो, स्वतःला मी आता ओळखत होतो.

"मावशी, आयझॅककाकांनी मला दीडशेच सांगितली होती. एकदा नाय, दोनदा. तुम्ही माडीवर बसणार हेपण सांगितलं होतं, गारवा आधी तिथं पोचव म्हणाले होते. मी माझ्या मनानं तीस धरली. झरोके मी बंद केले. अंगणात ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी उभा राहून ऐकलं."

 एक ट्रक गेला. मी फोन कानाशी आणखी दाबला.

"तीस का धरलीस?" तिनं विचारलं.

"मला वाटलं कोण येणार एवढ्या लांबून."

"त्याला नव्हतं वाटलं तसं?"

"नाय. त्यांना कधीच नाय वाटलं. त्यांचा अंदाज एका माणसानं चुकला फक्त."

 मग ती बोलली तेव्हा माझ्याशी बोलत होती की स्वतःशी, ते कळलं नाही. "तीन महिने मी त्याच्याशी नीट बोलले नाय. बावीस वर्षं हा मला बोलवत व्हता ते नुसतं तोंडदेखलं, असं वाटलं मला. आनि माझ्याबिगर हाय कोन त्याला बोलायला."

"मावशी, माझी चूक..."

"ठेव आता. त्याला फोन करायचाय मला."

"मावशी, मला माफ करा."

"तुझं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी त्याचं."

फोन बंद झाला. तिचं ते 'नंतर' अजून आलेलं नाही, आणि आठवण करून द्यायला मी तिला पुन्हा फोन केलेला नाही.